न सांगता दिलेली गोळी

एसटी स्टँडच्या भिंतीवर, वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत आणि हल्ली मोबाइलवर एक जाहिरात तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा. चहात घाला, आमटीत घाला, चव लागत नाही, वास येत नाही. त्या पुडीत काय आहे हे बहुतेक वेळा पुडीवर लिहिलेलं नसतं. काही घरांत तर पुडीसुद्धा नसते. औषधाच्या दुकानातून डायसल्फिराम नावाची गोळी आणतात, ती कुटून कणकेत मळतात आणि पोळी वाढतात. आमच्या भागातल्या दोघीतिघींनी मला विचारलं आहे, "ताई, तुम्ही एवढं वाचता, देऊन बघू का?" विचारणारीच्या आवाजात लबाडी नसते. आठ-दहा वर्षं रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसलेल्या बाईचा तो आवाज असतो.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणं माझं काम नाही. पण या गोळीचा इतिहास मी बराच वाचला आहे आणि या प्रश्नाचं उत्तर त्या इतिहासातच आहे असं मला वाटतं. म्हणून आज तोच सांगते.

न सांगता देण्याची कल्पना आपल्याकडची नाही आणि नवीही नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला बेंजामिन रश नावाचे डॉक्टर होते. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी ते एक. 1784 मध्ये त्यांनी कडक दारूच्या परिणामांवर एक निबंध लिहिला. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. बिअर आणि वाइन त्यांना चालत होती, राग होता तो रमसारख्या गाळलेल्या दारूवर. तरी दारूच्या ओढीला आजार म्हणून पाहणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांत त्यांचं नाव घेतात. याच रशनी एक प्रयोग लिहून ठेवला आहे. दारूची सवय असलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाच्या वाटेत त्यांनी मुद्दाम रम ठेवली आणि तिच्यात ओकारी आणणारं टार्टर एमेटिक मिसळलं. तो माणूस इतका ओकला की आपल्याला कुणी विष घातलं असं त्याला वाटलं. पुढे दोन वर्षं त्याला दारूचा वास किंवा दर्शनसुद्धा सहन झालं नाही, असं रश लिहितात. यश म्हणून लिहितात. त्याला विचारलं होतं का, हा प्रश्न त्या काळात अशा माणसाबद्दल कुणाच्या मनात येत नव्हता.

नंतरची साठ-सत्तर वर्षं भराभर सांगून टाकते. ब्रिटिश आरमारातले डॉक्टर थॉमस ट्रॉटर यांनी 1804 मध्ये दारूबाजी हा मनाचा आणि सवयीचा रोग आहे असं मांडलं. स्वीडनच्या माग्नुस हुस यांनी 1849 मध्ये या आजाराला 'अल्कोहोलिझम' हे नाव दिलं. आजार म्हटल्यावर औषध हवंच. मग बाजार पुढे आला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिनसिनाटी शहरातून 'गोल्डन स्पेसिफिक' नावाचं औषध टपालाने घरोघर जायचं. जाहिरात बायकांसाठी असायची. नवऱ्याच्या कॉफीत मिसळा, त्याला कळणारही नाही. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने अशा औषधांची रासायनिक तपासणी करून घेतली. गोल्डन स्पेसिफिकमध्ये निघालं काय, तर दुधातली साखर, स्टार्च, थोडी मिरची आणि नावापुरतं ओकारीचं औषध. मिरची वाचून मला हसू आलं. आपल्या एसटी स्टँडवरच्या भिंतीवरची जाहिरात आणि ही जाहिरात शेजारी ठेवली तर भाषा सोडून काही वेगळं दिसणार नाही.

आता आपली गोळी. डायसल्फिराम हे गंधक असलेलं रसायन पहिल्यांदा 1881 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. ते माणसांच्या पोटासाठी नव्हतं. रबर पक्कं करताना, म्हणजे टायर-बूट बनवताना, या जातीची रसायनं वापरतात. 1937 मध्ये अमेरिकेतल्या एका रासायनिक कारखान्याचे डॉक्टर ई. ई. विल्यम्स यांना एक विचित्र गोष्ट दिसली. याच कुळातल्या रसायनाशी काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली होती. एखादा पेला घेतला तरी चेहरा लाल, छातीत धडधड. बिचारे नाइलाजाने निर्व्यसनी झाले होते. हेच दारूवरचं औषध तर नव्हे, अशी शंका विल्यम्सनी लिहून पाठवली आणि ती छापूनही आली. पण पुढे कुणी काही केलं नाही.

दहा वर्षांच्या आत तीच गोष्ट कोपनहेगनमध्ये पुन्हा सापडली, आणि तीही दारूशी संबंध नसताना. मेडिसिनाल्को नावाच्या औषध कंपनीत येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे पोटातल्या जंतांवर औषध शोधत होते. खरजेच्या किड्यावर डायसल्फिराम चालतं हे माहीत होतं, मग जंतांवरही चालेल असा त्यांचा अंदाज. सशांवर प्रयोग केले, ठीक निघाले. माणसाला अपाय होत नाही ना हे बघायचं राहिलं. त्या कंपनीत एक पद्धत होती. नवं औषध आधी कंपनीतल्याच लोकांनी स्वतः घ्यायचं. या स्वयंसेवकांच्या गटाला थट्टेने 'मृत्यूपथक' म्हणायचे. हाल्ड आणि याकोबसेन दोघांनीही गोळ्या खाल्ल्या आणि काही झालं नाही. मग जेवताना नेहमीप्रमाणे बिअर घेतली, आणि डोकं ठणकायला लागलं, चेहरा तापला, मळमळ सुटली. अन्नात काही बिघाड असेल असं आधी वाटलं. दोघांनी एकमेकांशी बोलल्यावर उलगडा झाला की गोळी आणि मद्य एकत्र आलं की हे होतं.

हे 1945 च्या सुमाराचं. जंतांचं औषध म्हणून गोळी मागे पडली. पण 1947 च्या अखेरीला ही हकिगत डेन्मार्कच्या वर्तमानपत्रात आली, लोकांची चौकशी सुरू झाली आणि ओलुफ मार्टेन्सेन-लार्सेन या डॉक्टरांनी दारूच्या रुग्णांना ती द्यायला सुरुवात केली. 1948 मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात सगळं छापून आलं. गोळीचं व्यापारी नाव ठेवलं अँटाब्यूज. 1951 मध्ये अमेरिकेनेही तिला मान्यता दिली.

शरीरात नक्की काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. दारूतलं मद्यार्क यकृतात दोन पायऱ्यांनी निकालात निघतं. पहिल्या पायरीला त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. हे विषारी आहे. दुसऱ्या पायरीला त्याचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड होतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते, फारसं त्रासदायक नाही. साधारणपणे दुसरी पायरी इतक्या झटपट पार पडते की विष साठत नाही. डायसल्फिराम नेमकं दुसऱ्या पायरीचं दार बंद करतं. नळ सुरू आणि मोरीचं भोक बुजलेलं, तसं विष तुंबत जातं. पाच-दहा मिनिटांत चेहरा लालबुंद, डोकं फुटेल असं ठणकणं, उलट्या, धाप, छातीत धडधड. रक्तदाब खाली येतो. हृदय आधीच कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो.

आणि ते दार लवकर उघडत नाही. गोळीने यकृतातलं जे एन्झाइम निकामी होतं ते दुरुस्त होत नाही, शरीराला नवं तयार करावं लागतं. म्हणून शेवटची गोळी घेतल्यावर दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. यात आणखी एक भानगड आहे. मद्यार्क फक्त बाटलीत नसतं. काही खोकल्याच्या औषधांत असतं, काही माउथवॉशमध्ये असतं, दाढीनंतर लावायच्या लोशनमध्ये असतं. आणि आपल्या कपाटातली द्राक्षासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट ही आसवं-अरिष्टं आंबवूनच होतात, त्यांतही ते आपोआप तयार झालेलं असतं. ज्याला गोळी घेतो हे माहीत आहे तो विचारून घेईल. ज्याला माहीतच नाही तो खोकला आला की चमचाभर औषध घेणार.

सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टरांनीही फार जोर लावला. आजच्या मानाने कितीतरी मोठे डोस दिले जायचे, आणि रुग्णाला दवाखान्यात झोपवून, गोळीवर मुद्दाम दारू पाजून, काय होतं ते अनुभवायला लावायचे. भीती अंगात मुरावी म्हणून. काही माणसं त्यात दगावली. मग डोस कमी झाले, ती पाजण्याची पद्धत मागे पडली. हल्ली साधारण 250 मिलिग्रॅम देतात. यकृत आणि हृदय तपासून, आणि शेवटचा घोट घेतल्यानंतर निदान 12 तास गेल्यावरच सुरुवात करतात. हा सगळा शहाणपणा डॉक्टरांनी माणसं गमावून मिळवला आहे. घरच्या खलबत्त्यात कुटलेल्या गोळीला यातलं काहीच ठाऊक नसतं.

निसर्गातही अशी गोळी आहे. भूछत्रांची एक जात खाऊन दारू प्यायली की हेच होतं. आपल्या घरात भूछत्र येतच नाही, तेव्हा ते सोडून देऊ. पण जपान, चीन, कोरियातल्या लाखो लोकांच्या यकृतातच ती दुसरी पायरी जन्मापासून अडलेली असते. वारशाने मिळालेला गुण. दोन घोट घेतले की तोंड लाल. हा गुण आई आणि वडील दोघांकडून मिळाला असेल तर माणूस दारूच्या आहारी जवळजवळ जातच नाही. एकाकडूनच मिळाला असेल तर? जपानी संशोधकांनी दारूच्या रुग्णांची तपासणी केली. असा एका बाजूने गुण मिळालेल्यांचं प्रमाण 1979 मध्ये 2.5 टक्के होतं, 1986 मध्ये 8 टक्के झालं आणि 1992 मध्ये 13 टक्के. यकृतं इतक्या वर्षांत बदलत नाहीत, बदलतं ते भोवतालचं जग. अंग नको म्हणत असताना, तोंड लाल होत असताना, ही माणसं पीत राहिली. मला हा आकडा फार बोलका वाटतो. शरीराला त्रास दिला की दारू सुटते, हे जे आपण धरून चालतो ते तिथे उघडं पडतं. शिवाय अशा लोकांनी पीत राहिलं तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, कारण तेच तुंबलेलं विष.

मग गोळी काम करते की नाही? याची नीट परीक्षा व्हायला 1986 साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नऊ दवाखान्यांत 605 पुरुषांचे तीन गट केले. एका गटाला 250 मिलिग्रॅमची खरी गोळी. दुसऱ्याला 1 मिलिग्रॅम, म्हणजे अंगात काहीच होणार नाही इतकी, पण सांगितलं हेच की तुम्ही डायसल्फिराम घेत आहात. तिसऱ्याला फक्त जीवनसत्त्व, आणि तसं सांगितलेलंही. वर्षभर पाहिलं. दारू पूर्ण सोडणाऱ्यांच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक नव्हता. ज्यांनी मधे प्यायली त्यांच्यात मात्र फरक होता. खऱ्या गोळीवाल्यांनी वर्षात सरासरी 49 दिवस प्यायली, 1 मिलिग्रॅमवाल्यांनी 75 दिवस, जीवनसत्त्ववाल्यांनी 86. आणि नेमाने गोळी घेणारे, मग ती कोणतीही असो, इतरांपेक्षा जास्त टिकले.

2014 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी तोवरचे 22 अभ्यास एकत्र तपासले. ज्या अभ्यासांत रुग्णाला माहीत होतं की आपण डायसल्फिराम घेतो, तिथे गोळीचा फायदा स्पष्ट दिसला. जिथे कुणाला खरी गोळी आणि कुणाला खोटी हे रुग्णापासून लपवलेलं होतं, तिथे फायदा जवळजवळ शून्य. बहुतेक औषधांत लपवून केलेली परीक्षाच खरी मानतात. इथे लपवलं की परीक्षाच बिघडते, कारण ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. प्यायलास तर असं होईल, हे माहीत असणं हेच तिचं काम. सकाळी ती घेतलेल्या माणसाला संध्याकाळी गुत्त्यासमोरून जाताना आठवतं की आज जमणार नाही, उद्याही नाही. दिवसभर मनाशी चालणारी घासाघीस एका घोट पाण्याबरोबर सकाळीच संपलेली असते.

आता चहातल्या गोळीकडे पाहा. ज्याला माहीत नाही त्याच्या मनात भीती नाही, निश्चय नाही, आठवण नाही. त्याच्या दृष्टीने आज चहा झाला आणि संध्याकाळी नेहमीची क्वार्टर घ्यायची आहे. तो घेणार. मग रस्त्यात कोसळला तर लोक म्हणणार, जास्त झाली. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांना कळणार नाही की याच्या पोटात काय आहे, कारण सांगणारी घरी आहे आणि घाबरलेली आहे. वाचला तर तो गोळीचा संबंध जोडणार नाही. म्हणेल, ब्रँड बदलला पाहिजे. आणि एक दिवस कळलंच तर? त्यानंतर त्या घरातला चहा कोण विश्वासाने पिणार? रशच्या रममधल्या त्या माणसासारखा तोही म्हणणार, मला विष घातलं. तेव्हा त्याचं म्हणणं फार चुकीचंही नसेल.

म्हणजे लपवून दिली की धोका सगळा शिल्लक राहतो आणि उपयोग सगळा जातो. मला विचारणाऱ्या बायकांना मी हेच सांगते. आपल्याला हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. नियम घ्यायचा तो स्वतःच्या तोंडाने, महाराजांसमोर किंवा देवासमोर हात जोडून. सासूने सुनेच्या नावाने एकाशनाचा नियम घेतला आणि तिला सांगितलंच नाही, असं कुणी करतं का? आणि केलं तर त्याला नियम म्हणतील का?

उघडपणे देण्याचं काय होतं ते आपल्या मुंबईतच पाहिलेलं आहे. 2004 मध्ये तिथल्या मानसोपचार तज्ज्ञांनी 100 पुरुषांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. अट एकच होती, गोळी नेमाने घेतली जाते ना हे पाहणारं घरचं माणूस हवं. निम्म्यांना डायसल्फिराम दिलं, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन. ही दुसरी गोळी वेगळ्या तऱ्हेची, ती मेंदूत दारूचा आनंद बोथट करते, अमेरिकेत तिला दारूसाठी मान्यता मिळाली 1994 मध्ये. वर्षाअखेर डायसल्फिरामच्या गटातले 86 टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोनच्या गटातले 44 टक्के. इथे प्रत्येकाला आपण काय घेतो हे माहीत होतं, त्यामुळे हा आकडा गोळीचा किती आणि घरच्या माणसाचा किती हे वेगळं काढता येत नाही. माझ्या मते काढायची गरजही नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे, ती जाहिरातीवाले कधी सांगणार नाहीत. दारूची ओढ नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांत जास्त कमी झाली होती. डायसल्फिरामवाले पीत नव्हते, पण त्यांना प्यावंसं वाटत होतं. रोज सकाळी समोर गोळी आणि पाण्याचा पेला ठेवणाऱ्या बाईने हे माहीत करून घ्यावं. तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यांदेखत जो ती गिळतो आहे, तो तहान लागलेला असतानाच गिळतो आहे.